गावगटावरचा बिबट वहीत कसा उतरवायचा

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट उघडून पाहा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, धानाच्या बोनसची बातमी, रेशन कधी येणार याची विचारणा, आणि या सगळ्यातून मधूनच जंगल डोकावतं. ‘पांदणीवर बिबट बसून आहे, तिकडून कोणी येऊ नका.’ ‘आमच्या बोडीवर (लहान तळ्यावर) हे पाखरं कोणते आले?’ ‘रोह्यांनी तूर खाऊन टाकली.’ कुणाच्या न्हाणीत निघालेला साप, रस्त्यावर चिरडलेलं उदमांजर, पहिल्या पावसानंतरचा मृगाचा किडा. दोन दिवसांत हे सगळं वर सरकतं. महिन्याभरात फोनची जागा भरली म्हणून पुसलं जातं. पुढच्या वर्षी कुणी विचारलं, ‘हे पाखरं मागच्या साली कधी आले होते?’ तर कुणालाच सांगता येत नाही.

हे पुसलं जाऊ नये, यासाठी हा लेख. गावच्या माणसाने स्वतः पाहून सांगितलेली गोष्ट हे निरीक्षणच असतं, फक्त ते कुणीतरी वहीत घ्यावं लागतं. वाघांची गणना करायला वनविभाग कॅमेरे लावतो. पण बोडीवरची बदकं, धुऱ्यावरचा कोल्हा, डांबरी रस्त्यावर मेलेली घोरपड यांच्यासाठी कुणी कॅमेरा लावत नाही. त्यांची नोंद गावाने ठेवली तरच राहील.

लोकांनी इंटरनेटवर सहज टाकलेल्या मजकुरातून निसर्ग समजून घेण्याच्या पद्धतीला २०२० पासून संशोधक ‘आय-इकॉलॉजी’ म्हणू लागले आहेत. बांगलादेशात फेसबुकच्या गटांवरचे पक्ष्यांचे आणि फुलपाखरांचे फोटो गोळा करून, ते जागतिक नोंदसाठ्याला जोडून, कोणती जात कुठे आढळते याचं चित्र सुधारण्याचं काम झालं आहे. मात्र हजारो पोस्ट एका झटक्यात ओढून घेण्याची जी सोय संशोधकांना होती ती आता आटली आहे. ट्विटरने २०२३ मध्ये मोफत दार लावून घेतलं आणि फेसबुकचं क्राउडटँगल हे पोस्ट शोधण्याचं साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. त्यामुळे मोजक्या गटांतून, माणसाला विचारून, हाताने गोळा केलेल्या नोंदीचं मोल वाढलं आहे. या कामाला लागतं काय? एक साधा फोन, एक वही किंवा गुगल शीट, आणि गावात विचारपूस करण्याइतकी ओळख.

आधी प्रश्न ठरवा

नवखा माणूस सगळंच गोळा करायला निघतो आणि दुसऱ्या महिन्यात थकतो. ‘आमच्या तालुक्यातले वन्यप्राणी’ हा प्रश्न होत नाही. ‘आमच्या गावच्या तीन बोड्यांवर हिवाळी बदकं कधी येतात आणि कधी जातात’ हा प्रश्न होतो. प्रश्नात जागा ठरलेली असावी, काळ ठरलेला असावा, आणि त्याचं उत्तर लोकांच्या फोटोतून मिळण्यासारखं असावं.

माझ्या मते सुरुवातीला वाघाचा विषय घेऊच नये. वाघाच्या पोस्ट खूप असतात, पण त्यातल्या बऱ्याच दुसरीकडच्या असतात. शिवाय वाघाची जागा उघड करण्यात धोका आहे आणि त्याच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा आधीच आहे. त्यापेक्षा हे विषय घ्या.

एक, रस्त्यावर मेलेले प्राणी. नागपूर–सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलातून जाताना प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत. गावागावांना जोडणाऱ्या साध्या डांबरी रस्त्यांवर असं काहीच नसतं. तिथे साळिंदर, कोल्हा, धामण, रानमांजर रोज मरतात, आणि जाणारा-येणारा हळहळून फोटो टाकतो. हा फोटो फार कामाचा आहे, कारण मेलेला प्राणी जागचा हलत नाही. जागा पक्की कळते आणि ओळख निवांत पटवता येते. वर्षभराच्या नोंदी जमल्या की कोणत्या वळणावर, कोणत्या नाल्याजवळ प्राणी जास्त मरतात ते दिसायला लागतं, आणि गतिरोधक कुठे हवा हे ग्रामसभेत ठामपणे सांगता येतं.

दोन, साप. सर्पमित्रांच्या गटांवर पावसाळ्यात रोज पोस्ट येतात. कोणत्या महिन्यात घोणस जास्त निघते, मण्यार घरात कधी शिरते, हे गावातल्या प्रत्येकाच्या जिवाशी निगडित आहे.

तीन, झाडांचा फुलोरा. पळस कधी पेटला, मोहफुलं कधी पडायला लागली, बहावा कधी फुलला. मोह वेचणाऱ्या बाया आणि तेंदूपत्त्याला जाणारी माणसं याचे फोटो टाकतातच. झाड एका जागी उभं असल्यामुळे त्याच झाडाचा फोटो दरवर्षी मिळू शकतो.

चार, पाणी आणि पाखरं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’, तलावांचं जाळं आहे. मामा तलावावर पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या आले की कुणीतरी व्हिडिओ टाकतोच.

पाण्याचं म्हणाल तर लोणारचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि लोकांनी काढलेले फोटो देशभर फिरले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितलं की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा आहे. कारण प्रयोगशाळेने शोधलं. पण रंग कोणत्या दिवसांत चढला आणि कधी उतरला, हे सांगणारे फोटो काठावरच्या माणसांच्या फोनमध्ये असतात.

कुठे आणि कोणत्या शब्दांनी शोधायचं

चार-पाच स्रोत पुरेत. तुमचा गावगट, शेजारच्या दोन गावांचे गट, सर्पमित्रांचा गट, तालुक्यातलं एखादं फेसबुक पान, आणि यूट्यूबवर स्थानिक बातम्या देणारं चॅनल. इन्स्टाग्रामचे रील मी शेवटी ठेवतो, कारण तिथे गाणं लावून जुनाच व्हिडिओ पुन्हा टाकण्याचं प्रमाण फार आहे.

गटातून काही घेण्याआधी गटात सांगा. अ‍ॅडमिनला विचारा आणि मग सगळ्यांना समजेल असा निरोप टाका: ‘आपल्या गटावर येणाऱ्या प्राणी-पक्षी-सापांच्या फोटोंची मी गावासाठी वही ठेवणार आहे. कुणाचं नाव, नंबर लिहिणार नाही. कुणाला आपला फोटो नको असेल तर सांगा.’ गट ही गावाची बैठक आहे. तिथलं बोलणं न सांगता बाहेर नेलं तर माणसं बोलायची थांबतात, आणि ते योग्यच आहे.

शोधताना पुस्तकी नाव टाकून भागत नाही. नीलगायीला आपण रोही म्हणतो. बिबट कुणी बिबट्या लिहितं, कुणी बिबळ्या, कुणी नुसतं ‘वाघ’. ब्रह्मपुरी कुणी ब्रम्हपुरी लिहितं. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक प्राण्याची जेवढी नावं ऐकली तेवढी लिहून ठेवा. गोंडी, माडिया, कोरकू बोलणारी माणसं गटात असतील तर त्यांची नावंही घ्या. मेळघाटात आणि भामरागडकडे ही यादीच अर्धं काम करते.

शोध घेण्याची वेळ ठरवून टाका. समजा, दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास. मनात आलं तेव्हा चाळलं तर एका आठवड्यात दहा नोंदी दिसतील, दुसऱ्यात एकही नाही, आणि तो फरक प्राण्यांचा की तुमच्या सवडीचा हे कळणार नाही. आणखी एक गोष्ट आधीच पाहा. गटात आपोआप पुसले जाणारे मेसेज सुरू असतील तर ते २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत नाहीसे होतात. त्याप्रमाणे तुमचा फेरा ठरवावा लागेल.

वहीचे रकाने

रकाने थोडेच ठेवा, पण प्रत्येक नोंदीत भरा: नोंद क्रमांक, प्राणी दिसल्याची तारीख, पोस्ट पडल्याची तारीख, जागा, काय दिसलं, किती, पुरावा काय (फोटो, व्हिडिओ की नुसतं बोलणं), मूळ माणसाशी बोलणं झालं की नाही, आणि खात्री किती.

दिसल्याची तारीख आणि पोस्टची तारीख वेगळी लिहिणं फार महत्त्वाचं आहे. रात्री जागलीवर असताना पाहिलेलं माणूस सकाळी टाकतो, शहरात शिकणारा पोरगा सुटीत काढलेला फोटो महिन्याने टाकतो. एकच रकाना ठेवला की या दोन्ही तारखा एकमेकींत मिसळतात आणि मग पाखरं कधी आली हे सांगता येत नाही.

जागेच्या रकान्यात गावाचं नाव लिहून थांबू नका. ‘मामा तलावाची पाळ, शिवमंदिराकडची बाजू’ किंवा ‘फाट्यापासून गावाकडे येताना दुसरा मोरीपूल’ असं लिहा. नंतर नकाशावर बिंदू लावता येतो. आणि त्या बिंदूचा अंदाज किती ढोबळ आहे तेही लिहा: पन्नास मीटर, अर्धा किलोमीटर, की नुसतं शिवार.

एक नमुना असा: ‘क्र. १२. दिसलं १४ नोव्हेंबर सकाळी, पोस्ट १५ नोव्हेंबर. मोठी बोडी, पूर्वेची पाळ, अंदाज १०० मीटर. पट्टकादंब, व्हिडिओत निदान वीस. मूळ माणसाशी बोललो. खात्री: पक्की.’

खात्रीसाठी तीनच पायऱ्या पुरतात: पक्की, बरी, कच्ची. कच्ची नोंद फेकून देऊ नका. ती तशीच राहू द्या, फक्त मोजताना धरू नका. कधी कधी सहा महिन्यांनी दुसरी पोस्ट येते आणि जुन्या कच्च्या नोंदीला आधार मिळतो.

पोस्ट पाखडायची कशी

धान पाखडल्याशिवाय कोठीत जात नाही, तसंच पोस्टचं आहे. या पायरीला वेळ द्या, कारण तुमच्या वहीची सगळी पत इथे ठरते.

पहिलं काम म्हणजे मूळ माणूस गाठणं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर एक बाण असेल तर तो पुढे पाठवलेला आहे. दोन बाण असतील तर तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आला आहे. दोन बाणवाला व्हिडिओ मूळ माणूस सापडेपर्यंत वहीत घेऊच नका. ज्याने टाकला त्याला विचारा, ‘तुला कोणी पाठवला?’ त्याच्याकडून पुढच्याकडे जा. आपल्या गावांत हे अवघड नाही. दोन-तीन माणसांत साखळी संपते किंवा तुटते, आणि तुटली की उत्तर मिळालंच.

मूळ माणूस सापडला की त्याला फोन करा, मेसेज नको. चार प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः पाहिलं का? कोणत्या दिवशी, किती वाजता? नेमकं कुठे उभे होता? आणखी फोटो आहेत का? चौथ्या प्रश्नाला मी फार वजन देतो. खरोखर पाहिलेल्या माणसाकडे सहसा दोन-तीन हललेले, अर्धवट फोटोही असतात. उसना फोटो टाकणाऱ्याकडे तेवढा एकच असतो, आणि तो फारच चांगला असतो.

फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या आतली माहिती, म्हणजे काढल्याची तारीख, वेळ, जागा, काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून उतरवलेल्या फोटोतही ती नसते. अर्थात फोनची तारीख चुकीची लावलेली असू शकते, म्हणून माणसाचं सांगणं आणि फोटोतली माहिती दोन्ही जुळवा.

मग फोटोकडे शांतपणे पाहा, प्राण्याकडे नव्हे, त्याच्या आजूबाजूला. माती कोणती आहे? वऱ्हाडातली काळी, की झाडीपट्टीतली (पूर्व विदर्भातली) पिवळसर, धानाच्या बांध्यांची? मागे पऱ्हाटी (कापूस) आहे की धान? झाडं सागाची की सालाची? रस्त्यावरचा फलक कोणत्या लिपीत आहे, गाडीचा नंबर कुठला, व्हिडिओत बोलणारी माणसं कोणत्या भाषेत बोलतात? ‘आपल्या शिवारातला वाघ’ म्हणून आलेल्या व्हिडिओत मागून कन्नड ऐकू येत असेल तर पुढे पाहायची गरज नाही.

ऋतू जुळतो का तेही पाहा, पण घाई करू नका. एप्रिलच्या पोस्टमध्ये हिरवंगार धान दिसलं म्हणून ती खोटी ठरत नाही. गोंदिया-भंडाऱ्यात पाण्याची सोय असलेल्या शेतात उन्हाळी धान असतं. पण पानगळीच्या जंगलात मे महिन्यातही सगळं हिरवंगार असेल तर शंका घ्यायलाच हवी.

गुगल लेन्सवर फोटो टाकून पाहा. आधी कुठे छापला असेल तर बरेचदा सापडतो. व्हिडिओ असेल तर त्यातली दोन-तीन चित्रं थांबवून, स्क्रीनशॉट काढून तीच शोधा. आता संगणकाने बनवलेल्या व्हिडिओंची भर पडली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाबाहेर वाघाने माणूस उचलल्याचा, सीसीटीव्हीतला वाटावा असा व्हिडिओ सगळीकडे फिरला. तो एआयने बनवलेला असल्याचं वनविभागाला सांगावं लागलं. ज्या भागात माणसं खरोखर वाघाच्या हल्ल्यात जातात, तिथे असा व्हिडिओ म्हणजे जखमेवर मीठ आहे. अशा वेळी मूळ माणूस कोण, हा प्रश्नच सगळ्यात भरवशाचा ठरतो.

आणि एक उलटी काळजी. ‘आपल्याकडे हा प्राणी नाहीच’ म्हणून पोस्ट खोडून टाकू नका. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन शेतांमधून, रस्त्यांवरून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेतल्या गावांत कुणी वाघ पाहिला असं सांगितलं असतं तर त्याच्यावर किती जणांनी विश्वास ठेवला असता? ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हाही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते पटलं नसेल. नवल वाटलं तर पाखडणी अधिक कसून करा, पण दार बंद करू नका.

ओळख पटवताना

फोनमधलं अ‍ॅप नाव सुचवतं, ठरवत नाही. काही जोड्या आपल्याकडे वारंवार फसवतात, त्या नीट शिकून घ्या.

कवड्या साप आणि मण्यार. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे फिके पडतात. मण्यारीचे पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. डुरक्या घोणस आणि घोणस: डुरक्याची शेपटी आखूड, अंगावर वेडेवाकडे ठिपके, घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या ओळीत लांबट गोल ठिपके. फोटो धूसर असेल तर ‘साप, जात नक्की नाही’ असंच लिहा. आणि ओळख नीट व्हावी म्हणून कुणाला सापाजवळ जायला कधीही सांगू नका.

‘बिबटाची पिल्लं सापडली’ अशी पोस्ट धान कापणीच्या दिवसांत हमखास येते. त्यातली कित्येक रानमांजराची किंवा वाघाटीची असतात. पिल्लं कुणाचीही असोत, उचलायची नाहीत. आई जवळपास असते. जागा सोडून द्या आणि वनरक्षकाला कळवा. पाऊलखुणांच्या फोटोत नखं उमटलेली दिसली तर तडस, लांडगा किंवा कुत्रा, कारण मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ठेवतात. पाऊलखुणेशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढायची सवय गटाला लावा, आकार कळतो.

अडलं तर तज्ज्ञांच्या गटात विचारा, पण जागा न सांगता.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

एकच बिबट पाच जणांनी पाहिला तर पोस्ट पाच पडतात. वहीत घटना एकच लिहा आणि पुढे ‘पोस्ट ५’ अशी टीप करा. नाहीतर गावात पाच बिबट असल्याचं चित्र तयार होतं, आणि त्याने घबराट पसरते.

पोस्ट जास्त म्हणजे प्राणी जास्त असं नसतं. ताडोब्याच्या वाघांचे फोटो सुटीच्या दिवसांत ढीगभर येतात, मंगळवारी सफारी बंद म्हणून येत नाहीत, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं तेव्हा जवळजवळ थांबतात. वाघ तर तिथेच असतो. तसंच मोर आणि वाघाचा फोटो सगळे काढतात, टिटवीचा कुणी काढत नाही. जिथे नेटवर्क नाही तिथून काहीच येत नाही, आणि मेळघाटाच्या कित्येक गावांत नेटवर्कच नाही. ज्या बाया रोज सरपणाला, मोहाला, सात्या (रानातल्या अळंब्या) वेचायला जंगलात जातात, त्यांच्या हातात बरेचदा फोन नसतो. जंगलातलं सगळ्यात बारीक निरीक्षण त्यांच्याकडे असतं. महिन्यातून एकदा त्यांच्यात बसून विचारा आणि ते वेगळ्या रकान्यात, ‘तोंडी’ म्हणून लिहा.

म्हणून ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘प्राणी नाही’ असा लावू नका. त्या आठवड्यात तुम्ही गट पाहिला होता आणि काही आलं नाही, की तुम्ही पाहिलाच नव्हता, हे वेगवेगळं लिहा. ‘या रविवारी पाहिलं, नोंद शून्य’ ही ओळसुद्धा माहिती आहे. पाखरांची खरी मोजणी हवी असेल तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायला शिका. तिथे किती वेळ, किती अंतर चाललात हेही लिहावं लागतं, त्यामुळे एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करता येते. गटावरच्या पोस्टमधून पहिली चाहूल लागते, मग तलावावर जाऊन मोजायचं काम तुमचं.

काय लपवायचं

इथे मी कुठलीही सवलत देणार नाही. काही जागा वहीतही ढोबळ लिहायच्या आणि बाहेर तर सांगायच्याच नाहीत.

सारसाचं घरटं. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानबांध्यांत मोजक्याच जोड्या उरल्या आहेत. घरट्याचा फोटो पडला की बघे येतात, आणि पाखरू अंडी सोडून उठतं. खवल्या मांजर आणि मांडूळ: यांच्या मागावर तस्कर असतात. ‘आमच्या शेतात मांडूळ निघालं’ अशी पोस्ट दिसली तर टाकणाऱ्याला लगेच फोन करून ती काढायला सांगा. घुबडाची ढोली: दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. वाघिणीची आणि पिल्लांची जागा, माळढोक, रानपिंगळा, गिधाडाचं घरटं. या सगळ्यांची तारीख आणि तालुका एवढंच बाहेर द्या, तेही काही काळ जाऊ देऊन.

माणसांच्या बाबतीतही तसंच. हल्ल्यात गेलेल्या माणसाचे फोटो साठवायचे नाहीत, पुढे पाठवायचे नाहीत. कुणी रानडुक्कर मारल्याचा फोटो टाकला तर तो तुमच्या वहीचा विषय नाही. गावात भांडण लावून कुठलीही नोंदवही चालत नाही. फोटो टाकणाऱ्यांची नावं वहीत न लिहिता ‘म१’, ‘म२’ अशा खुणा वापरा आणि खुणांची यादी वेगळ्या जागी ठेवा.

आणि बिबट आत्ता, या क्षणी गावात असेल तर वही बाजूला ठेवा. वनरक्षकाला किंवा गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलाला कळवा, नाहीतर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. पीक खाल्लं असेल तर शेतकऱ्याने पंचनाम्यासाठी रीतसर अर्ज करायला हवा. गटावरच्या पोस्टवर भरपाई मिळत नाही, हे त्याला आवर्जून सांगा.

नोंदी द्यायच्या कुठे

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर दुसऱ्याचा फोटो स्वतःच्या खात्यातून टाकायचा नसतो. ज्याने पाहिलं त्यानेच टाकावा असा तिथला नियम आहे. म्हणून चांगल्या फोटोच्या मालकाला शेजारी बसवून त्याचं खातं उघडून द्या. तारीख, जागा आणि फोटो असला, आणि ओळखीवर दुसऱ्यांचं एकमत झालं, की नोंदीला संशोधनायोग्य दर्जा मिळतो. धोक्यातल्या जातींची नेमकी जागा हे संकेतस्थळ आपोआप झाकतं. इतर नोंदींसाठीही जागा झाकायचा पर्याय आहे, तो वापरा.

सगळ्यात जवळचं ठिकाण मात्र तुमची ग्रामपंचायत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. नोंदवही एकदा भरून कपाटात गेलेली असेल तर ती मागून घ्या, वाचा, आणि वर्षाअखेर तुमच्या पक्क्या नोंदी तिच्यात जोडण्याचा विषय समितीपुढे ठेवा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना जंगलाचा आराखडा करताना अशा नोंदी थेट उपयोगी पडतात.

महिन्याअखेर गटालाही हिशोब द्या. चार ओळी पुरतात, उदाहरणार्थ: ‘या महिन्यात आपल्या गटावरून अकरा नोंदी झाल्या. फाट्याजवळच्या मोरीपुलावर तीन साप आणि एक साळिंदर मेलं, रात्री तिथे गाडी हळू चालवा. मोठ्या बोडीवर पट्टकादंब १४ तारखेला पहिल्यांदा दिसले. मागच्या वर्षीचे, त्याच्या आधीचे बोडीचे फोटो कुणाच्या फोनमध्ये असतील तर ते मला डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ जुन्या फोटोंची ही मागणी दर महिन्याला करत राहा. लग्नाच्या, पोळ्याच्या, सहलीच्या फोटोंमध्ये मागे तलाव भरलेला असतो, पळस फुललेला असतो, आणि गॅलरीत त्याची तारीख असते. त्यातून तुमची वही सुरू होण्याआधीची काही वर्षंही भरून निघतात.